कधी सुरू होतो, कधी होतच नाही: लॅपटॉपबद्दल तुमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच तक्रारीची आहेत, लॅपटॉपचं बटन दाबलं की मशीन मनात आलं तर सुरू होते नाहीतर नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार पत्रं घेतली, पहिल्याला जागा जास्त दिली कारण त्यात जे झालंय ते गावोगाव होऊन राहिलं आहे आणि लोकांचे पैसे उगाच जात आहेत.

प्रश्न: भाऊ नमस्कार. माझं गावात ऑनलाइनचं छोटं दुकान आहे, दाखले, पीक विमा, सातबारा, पॅनकार्ड सगळं करते. लॅपटॉप पाच वर्षं जुना. दोन महिने झाले, सकाळी सुरूच होऊन नाही राहिला. बटन दाबलं की लाइट लागतो, पंखा दोन सेकंद फिरतो अन् बंद. पाच-सहा वेळा दाबलं तर एखाद वेळी होते, नाहीतर अकरा वाजेपर्यंत वाट पाहा लागते. अन् एकदा सुरू झाला की मंग काहीच नाही, संध्याकाळपर्यंत मस्त चालतो. तालुक्याला दाखवला तर तिथं पहिल्या झटक्यात सुरू झाला, तरी दुकानदार म्हणे मदरबोर्ड गेला, सात हजार लागतील. चार्जर दिवाळीत बाजारातून नवा घेतला, साडेचारशेचा. बॅटरी कवाचीच गेली, चार्जर काढला की पाच मिनिटांत बंद. लोक सकाळी सात वाजेपासून येऊन बसतात, मले त्यांच्यासमोर लाज वाटते. सात हजार लावू का नको? (एक ताई, ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

उत्तर: ताई, नका लावू. निदान आत्ता तरी नका लावू. तुमच्या पत्रात तुम्हीच सगळं सांगून दिलं आहे, फक्त ते एका जागी आणून पाहायला पाहिजे.

पण त्याच्या आधी एक काम, आणि हे आजच. ज्या दिवशी लॅपटॉप सुरू होईल त्या दिवशी दुसरं काही करू नका, लोकांना अर्धा तास थांबवा आणि सगळे दाखले, स्कॅन, फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, आणि शक्य असेल तर अजून एका जागी. आज सुरू झालेला उद्या होईलच याची खात्री नाही, आणि मशीन दुरुस्त होते पण गेलेली फाइल परत येत नाही. दुसरं म्हणजे विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकर नावाचं कुलूप आपोआप लागलेलं असते, मालकाला माहीतही नसते. मदरबोर्ड बदलला की ते कुलूप ४८ आकडी रिकव्हरी की मागते आणि ती नसली की डिस्क चांगली असूनही आतलं काही मिळत नाही. आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की असेल तर वहीत उतरवून ठेवा. दुरुस्तीला टाकायच्या आधी हे विचारणारा माणूस मला अजून भेटला नाही, आणि त्यापायी रडणारे पुष्कळ भेटले.

आता मूळ दुखणं. पहिला प्रश्न मी सगळ्यांना हाच विचारतो की बटन दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतो का? लोगो दिसून मग अडकत असेल तर बहुतेक वेळा गोष्ट विंडोजची नाहीतर डिस्कची असते. लोगो दिसायच्या आतच बंद पडत असेल तर विंडोजचा काही संबंध नाही, कोणी फॉरमॅट मारतो म्हटलं तर मारू देऊ नका. तुमचं दोन सेकंदांत बंद होते, म्हणजे विंडोजपर्यंत गाडी पोचतच नाही. राहिलं काय, तर करंट, रॅम (चालू कामाची तात्पुरती आठवण ठेवणारी पट्टी) आणि बोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, मदरबोर्ड.

बोर्ड मी शेवटी ठेवतो कारण एकदा सुरू झाला की दिवसभर चालतो असं तुम्ही लिहिलंय. बोर्डही कधी कधी असा त्रास देतो, नाही असं नाही, पण पहिला संशय त्याच्यावर घ्यायचं कारण नाही. आणि दुकानात पहिल्या झटक्यात सुरू झाला ना? मग एवढं आठवा की तिथं चार्जर कोणाचा लावला होता. माझा अंदाज आहे की दुकानदाराचाच, कारण बहुतेक जण नुसता लॅपटॉप पिशवीत टाकून नेतात आणि चार्जर घरी भिंतीलाच राहते.

आता हे जोडून पाहा. चार्जर दिवाळीतला, त्रास दोन महिन्यांचा, आणि बॅटरी बहुतेक मधल्या काळात पार गेली. लॅपटॉप सुरू होतो त्या क्षणाला पंखा, डिस्क, प्रोसेसर, स्क्रीन सगळे एकदम करंट मागतात, नंतर साध्या कामाला त्याच्याहून पुष्कळ कमी लागते. बैलबंडी चिखलातून निघताना जोर लागतो, एकदा चालायला लागली की नाही लागत, तसंच. बॅटरी जिवंत होती तोवर तो सुरुवातीचा जोर बॅटरी देत होती आणि चार्जरची उणीव दिसत नव्हती. बॅटरी मेली आणि सगळा भार एकट्या चार्जरवर आला. तो भार त्याला पेलत नाही, व्होल्टेज खाली बसते आणि बोर्ड स्वतःला वाचवायला बंद होतो.

चार्जर उलटा करून त्याच्यावरचं बारीक लिखाण वाचा. आउटपुटसमोर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असं काही असेल, दोन्ही आकडे गुणले की ६५ वॅट येतात. मग लॅपटॉपच्या पोटाखालचं स्टिकर पाहा, त्याला किती पाहिजे ते तिथं लिहिलेलं असते. व्होल्ट सारखेच पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये गोल पिनच्या मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो, ती वाकली किंवा तुटली तर बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन हळू चालते. बाजारातल्या स्वस्त चार्जरवर ६५ वॅट छापलेलं असते, पण तेवढे तो देतोच असं नाही. मल्टिमीटर लावून पाहाल तर रिकाम्या चार्जरचे १९.५ बरोबर दिसतील आणि फसाल, कारण भार पडल्याशिवाय त्याचं खरं रूप दिसत नाही. म्हणून खात्री करायची तर गावात कोणाकडे, शाळेतल्या मास्तरांकडे, कॉलेजच्या पोरांकडे तशाच पिनचा कंपनीचा चार्जर असेल तो दोन दिवस मागून आणा आणि सकाळी सातला त्याच्यावर सुरू करून पाहा. दोन्ही दिवस पहिल्या झटक्यात सुरू झाला तर दुखणं बहुतेक चार्जरचंच. नवा चांगला घ्या आणि पैसे उरले तर बॅटरी.

अकरा वाजेची गोष्ट पण मला खटकली. हे दिवस हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायचे. तुमच्या डीपीवर सकाळच्या पाळीत किती मोटरी चालतात आणि त्या अकराच्या सुमारास बंद होतात का ते कोणा कास्तकाराला विचारा. चांगला चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही दिलं तरी चालतो, घरातला बल्ब पिवळा पडला तरी त्याला फरक पडत नाही. हलका चार्जर मात्र लाइन कमी झाली की आधीच अर्धमेला होतो आणि बटन दाबलं की पूर्ण बसतो. आणि स्पाइक गार्डचं बोर्ड लावून हे सुटत नाही, ते वाढलेलं व्होल्टेज अडवायला असते, कमी पडलेलं भरून काढायला नाही. विजा कडकडायच्या दिवसात तर त्याच्यावरही विसंबू नका, चार्जरची पिन आणि नेटची वायर दोन्ही काढूनच ठेवा.

चार्जर बदलूनही सकाळी तेच झालं तर असं करा. चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा आणि बटन ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर अडकलेला उरलासुरला करंट त्यानं निघून जातो. मग फक्त चार्जर लावून, बॅटरीशिवाय सुरू करा. झाला तर मेलेली बॅटरीच सगळ्यांना खाली ओढत होती, तिला परत बसवू नका. आणि बटन दाबताना सुरू करायला एकदाच हलकं दाबून सोडायचं. वैतागून आपण दाबून धरतो, पण चार-पाच सेकंद किंवा त्याहून जास्त धरलं की मशीन जबरदस्तीनं बंद होते, म्हणजे कधी कधी सुरू झालेलं आपणच बंद करून राहिलो असतो.

त्याच्यानंतर रॅम. थंडीच्या दिवसात सकाळी नाही आणि ऊन चढल्यावर होतो असं असेल तर रॅमचा किंवा कुठल्याही जोडाचा लूज काँटॅक्ट हे एक मोठं कारण आहे, गरमीनं धातू किंचित पसरतो आणि जोड लागतो. खालचं झाकण उघडायचं, आधी बॅटरीची वायर सुटी करायची, हातातली स्थिर वीज जावी म्हणून एखाद्या मोठ्या उघड्या लोखंडी वस्तूला हात लावायचा, मग रॅमच्या दोन्ही बाजूच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी तिरपी उभी राहते, ती ओढून काढायची. कडेला जे सोनेरी दात दिसतात त्यांच्यावर काळपट साय धरलेली असते, पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबरानं हलक्या हातानं पुसली की निघते, रबर काळं होते. कचरा झटकून पट्टी परत तिरपी घालायची आणि खाली दाबायची, दोन्हीकडून टक आवाज आला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून सुरू करून पाहा, त्यात खराब असलेली सापडते. हे स्वतःला जमणार नसेल तर दुकानात नेऊन समोर बसून करून घ्या, पण चार्जरसकट न्या आणि त्यांना म्हणा की माझ्याच चार्जरवर, सकाळी दुकान उघडल्याबरोबर, थंड मशीन सुरू करून दाखवा.

मला हे इतकं तळमळीनं सांगावंसं वाटते कारण माझ्याच बाबतीत झालंय. काही वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप पावसाळ्यात असाच रुसला, एका दुकानात बोर्ड गेला सांगितलं, मी बोर्डाचे पैसे दिले, आठ दिवसांनी परत तेच. शेवटी मी स्वतः उघडला तर चार्जरची पिन जिथं घुसते त्या जॅकच्या मुळाशी मटकीच्या दाण्याएवढा पिवळट जळका डाग होता, डाख सुटला होता, वायर हलली की जोड लागायचा नाहीतर नाही. दहा मिनिटांचं डाखाचं काम. त्यानंतर मी दुरुस्ती शिकलो. तुमचा जॅक पण पाहा ताई, पिन घातल्यावर डुगडुगते का, गरम लागते का.

आणि सात दिवस एक वही ठेवा. किती वाजता दाबलं, लाइन कशी होती, चार्जर कोणता, कितव्या वेळी सुरू झाला. जो दुरुस्त करणारा ती वही वाचेल त्याच्याकडेच काम द्या.

प्रश्न: सर, मी एमपीएससीचा अभ्यास करतो, सगळे लेक्चर लॅपटॉपवर आहेत. बटन दाबलं की लाइट लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळीच. कधी कधी झाकण मागेपुढे केलं की दिसते. परीक्षा जवळ आली आहे, काय करू? (एक विद्यार्थी, ता. रिसोड, जि. वाशीम)

उत्तर: तुझा लॅपटॉप बहुतेक सुरू होऊन राहिला आहे, फक्त तुला दिसून नाही राहिला. एक मिनिट थांबून कॅप्स लॉक दाब. त्याचा लाइट लागतो-जातो ना? मग आतलं मशीन जागं आहे. खोलीत अंधार कर आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धर, चित्र एकदम फिकट दिसलं तर स्क्रीनमागचा उजेड गेला आहे, चित्र तयार होतेच आहे. घरी टीव्ही असेल तर एचडीएमआय वायरनं जोड, तिथं दिसलं तर आजपासूनच टीव्हीवर अभ्यास चालू ठेव, दुरुस्ती परीक्षेनंतर कर, काही बिघडत नाही.

झाकण हलवल्यावर दिसते म्हणतोस, तर बिजागरीतून जाणारी स्क्रीनची वायर चेपली असेल किंवा तिचा जोड ढिला झाला असेल. ते बोर्डाच्या कामापेक्षा स्वस्तातलं काम आहे. मात्र झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर सोड, दोन्ही हातांनी किंवा मधोमध धर, बिजागरी त्यानंच मोडते. एक साधी गोष्ट अजून पाहा, मोबाइलचं चुंबकवालं कव्हर किंवा चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळ कीबोर्डच्या कडेला ठेवतोस का? झाकण बंद झालं हे लॅपटॉपला चुंबकावरून कळते, तसं चुंबक जवळ आलं की त्याला वाटते झाकण मिटलं आणि तो झोपून जातो. ते बाजूला कर, मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चारही कळा एकदम दाब, त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्रॅम, नव्यानं सुरू होतो.

लोगो दिसून मग काळं होत असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली, तिच्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच साठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. साठवलेलं बिघडलं की रोज बिघडलेलंच उठते. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटनांनी काय करायचं ते ठरवायची जागा आहे, तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाक. रिस्टार्ट केल्यावर नीट सुरू होतो आणि शटडाउननंतर नाही असं दिसलं तर बहुतेक हेच कारण धर.

प्रश्न: शाळेचा लॅपटॉप उन्हाळाभर कपाटात होता. जूनमध्ये काढला तर दोन दिवस सुरूच झाला नाही, आता होतो पण दरवेळी तारीख जुनीच दाखवतो, एक कळ दाबायला लावतो आणि सरकारी साइट उघडत नाहीत, सुरक्षित नाही म्हणतात. (एक शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर: गुरुजी, तीन गोष्टी दिसतात पण मूळ बहुतेक एकच आहे. बोर्डावर घड्याळ चालू ठेवायला एक छोटी गोल बॅटरी असते, बहुतेक सीआर २०३२. म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड आणि ३ व्होल्टची, बऱ्याच छोट्या डिजिटल वजनकाट्यांत असते तीच. ती उतरली की मशीन तारीख विसरते. साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांच्या आतच चालते, तुमचा लॅपटॉप जुनी तारीख दाखवतो म्हणून तो साइटलाच खोटं ठरवतो. नेट खराब नाही, साइट खराब नाही. तोवर काम अडू नये म्हणून रोज सुरू केल्यावर आधी तारीख-वेळ दुरुस्त करा, साइट उघडतील. बॅटरी बदलताना एवढंच पाहा की काही लॅपटॉपमध्ये तिला वायर आणि टोपण असते, तशीच घ्यावी लागते.

पुढच्या सुट्टीत कपाटात ठेवताना मोठी बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर दोन महिन्यांत आणखी उतरते आणि मग चार्जर लावल्यावर लगेच घेत नाही. तुमचा दोन दिवस झोपला तो बहुतेक त्यानंच. मध्ये एखाद्या दिवशी शाळेत गेलात तर तासभर चालवून या.

प्रश्न: आमच्या टिनाच्या खोलीत उन्हाळ्यात लॅपटॉप दहा मिनिटांत बंद पडतो अन् मग थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही. आता तर माउसची पट्टी पण वर आल्यासारखी वाटते. (एक कास्तकार, ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर: भाऊ, बंद पडण्याचं कारण आधी सांगतो. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली अजून जास्त, आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेले असतात. त्यात घरात कापूस साठवलेला असेल तर पंख्याच्या तोंडाशी जी तांब्याची-ॲल्युमिनियमची बारीक जाळी असते तिच्यावर रुईचे तंतू बसतात. मी एका कास्तकाराचा लॅपटॉप उघडला तेव्हा तिथून करंगळीएवढा राखाडी पेळू निघाला, चिमट्यानं धरला तर अखंड निघून आला, हवा जायला जागाच उरली नव्हती. तो काढून, प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट बदलून घ्या. गादीवर ठेवून चालवू नका, खाली लाकडी पाट घ्या.

पण माउसची पट्टी वर आली असेल तर बाकी सगळं नंतर. ती तिच्याखालची बॅटरी फुगल्याची खूण आहे. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहा, डुगडुगतो का, झाकण नीट मिटते का. तसं असेल तर आत्ताच चार्जर काढा, बंद करा आणि परत चार्जिंगला लावू नका. पट्टी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोचू नका, वाकवू नका, त्यानं आग लागू शकते. कापसापासून आणि गंजीपासून लांब, सावलीत, फरशीवर ठेवा आणि गाडीच्या डिक्कीत उन्हात न ठेवता सकाळच्या थंड वेळेला दुकानात नेऊन बॅटरी काढून घ्या. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर अजिबात नका, दुकानदाराकडेच जमा करा. नवी बॅटरी येईपर्यंत बहुतेक लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवता येतात, फक्त लाइन गेली की लगेच बंद होतील, म्हणून काम करता करता सेव्ह करत राहा.